मापाचा लोगो

माझ्या वेबसाइटच्या डाव्या कोपऱ्यात एक राखाडी चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, 'युअर लोगो हिअर'. त्या एवढ्याशा चौकोनाने माझा पाच दिवस जेवढा छळ केला, तेवढा कुणाचा सासुरवासात झाला नसेल. माझ्या सासूबाई तशा खूप चांगल्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर त्या हे वाचतील आणि रविवारी फोन येईल.

मी इंग्लंडमध्ये, स्लाऊला, साडीवरचे ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी मशीन आहे. पुण्यात असताना मी एका शिवणक्लासमध्ये कटिंग शिकवायचे. लग्न होऊन इथे आले आणि इथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका वेअरहाउसमध्ये खोकी पॅक करायला लागले. माणसं चांगली होती तिथली, माझं काही म्हणणं नाही. पण दहा-दहा तास उभं राहून गुडघे बोलायला लागले आणि दिवसभरात मला खोक्याच्या नंबराशिवाय कुणी काही विचारायचं नाही. शेवटी आठ महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडली आणि मशीन बाहेर काढलं.

काम यायचं, पण तुटक तुटक. दिवाळीत श्वास घ्यायला फुरसत नाही आणि जानेवारीत मशीनवर धूळ. त्यातच वेअरहाउसच्या सुपरवायझरबाईंचा मेसेज आला, की फुलटाइम जागा निघाली आहे, शुक्रवारी बारापर्यंत कळव. आणि त्याच आठवड्यात कळलं, की आमच्या कम्युनिटी हॉलमध्ये वसंत ऋतूत लग्नाच्या खरेदीचा एक मोठा मेळावा भरणार आहे आणि त्यात एकच टेबल शिल्लक आहे. ते टेबल मिळालं तर वर्षभराच्या लग्नांची कामं तिथेच मिळणार होती. आयोजकांची अट एवढीच होती, की वेबसाइट हवी आणि तिच्यावर लोगो हवा, कारण दोन्ही त्यांच्या पुस्तिकेत छापायचं होतं. मुदत होती गुरुवारी संध्याकाळी पाच. मी नवऱ्याला सांगून टाकलं, टेबल मिळालं तर शिवण चालू, नाही मिळालं तर शुक्रवारी मी खोक्यांना हो म्हणते. तो 'बरं' म्हणाला. त्याचं 'बरं' म्हणजे त्याला काळजी लागलेली असते, हे मला अकरा वर्षांच्या संसारानंतर कळतं.

नवरा ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचा त्याला पगार मिळतो आणि घरी तो हे काम फुकट करतो. वेबसाइट त्याने एका रविवारात बसवून दिली, ते खरंच छान केलं. पण लोगोचं नाव काढल्यावर त्याने माझ्यासाठी एक रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहिलं. अकरा पानांचं. त्यात 'आउट ऑफ स्कोप' नावाचं एक पान होतं आणि लोगोने काय काय करू नये ते तिथे लिहिलं होतं.

"अरे, चाळीस पौंडांचा लोगो आहे," मी म्हटलं. "विमान नाही बनवत आपण."

"रिक्वायरमेंट क्लिअर नसली की नंतर रीवर्क होतं," तो म्हणाला.

चाळीस पौंड एवढंच माझं बजेट होतं. दोन कंपन्यांना विचारलं तर त्यांनी असा आकडा सांगितला, की त्यात मी नवीन मशीन घेतलं असतं. फुकटात लोगो करून देणाऱ्या एका साइटवर गेले, तर तिने मला सुई-दोरा काढून दिला. दिसायला बरा होता. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर तोच सुई-दोरा कोपऱ्यावरच्या ड्राय-क्लीनरच्या काचेवर. मी तिथेच कपाळावर हात मारला.

पण त्याच्या शेजारच्या लाँड्रेटमध्ये, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, नोटीसबोर्डवर एक कार्ड टाचलेलं दिसलं. हाताने काढलेली इतकी सुंदर अक्षरं होती, की मी दुधाची पिशवी खाली ठेवून वाचत उभी राहिले. पाट्या, अक्षरं, छोटी कामं, असं लिहिलं होतं. फोन केला. सत्तरीच्या एक इंग्लिश बाई निघाल्या. जन्मभर दुकानांच्या पाट्या हाताने रंगवायच्या, आता घरीच असतात. घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर.

सोमवारी मी त्यांच्याकडे गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डबाभर शंकरपाळे घेतले. दुसऱ्या हातात नवऱ्याचं डॉक्युमेंट. खोलीभर रंगाचा वास, भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या पाट्या आणि मधे एक मोठं टेबल.

"काम काय आहे?" त्यांनी विचारलं.

"फार काही नाही, एवढंसं आहे," मी म्हटलं. "तुम्हाला पाच मिनिटं लागतील."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं. चाळीस पौंड चालतील म्हणाल्या, दोनदा बदल करून देईन, तिसऱ्यांदा नाही. अकरा पानांचं डॉक्युमेंट त्यांनी चाळलं आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

मग मी पर्समधून एक कागद काढला. लंडनमधल्या एका महागड्या साड्यांच्या दुकानाचा लोगो प्रिंट करून नेला होता. मोर होता त्यात, सोनेरी. "असाच करा," मी म्हटलं. "फक्त मोर जरा बारीक."

"मग हा त्यांचाच झाला की," त्या म्हणाल्या.

मला त्यात काही वावगं वाटेना. मी त्यांना समजावून सांगितलं, की आमच्यात असंच असतं. बाई ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा सोबत जुना, अंगाला बरोबर बसणारा एक ब्लाउज देते. त्याला म्हणतात मापाचा ब्लाउज. टेप लावायची गरज नाही, त्यावरून नवीन कापायचा. आमच्याकडे सगळ्या बायका हेच करतात. आणि मग, बोलण्याच्या ओघात, त्याचा त्रास काय असतो तेही सांगून बसले. मापाचा ब्लाउज असतो लग्नाच्या वेळचा आणि बाई असते आत्ताची. वर सांगते, याच मापाचा, फक्त जरा सैल. 'जरा' म्हणजे किती ते मी ओळखायचं.

त्यांना ते फार आवडलं. दोनदा विचारून घेतलं. मग माझा मोराचा कागद उचलून म्हणाल्या, "आणि हे माप कुणाचं?"

मी हसून वेळ मारून नेली. उद्या ये, म्हणाल्या.

मंगळवारी त्यांनी तीन चित्रं दिली, पेन्सिलीने काढलेली. एकात सुईचं नेढं, एकात नुसतं अक्षर, एकात गळ्याची एक बाकदार रेघ. मला तिन्ही आवडली आणि इथेच माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी तिन्हींचे फोटो काढले आणि आमच्या मंडळातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'मैत्रिणींनो, मत द्या'. ग्रुपवर मत मागणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. गेल्या गणपतीत मोदक उकडीचे की तळणीचे यावर तिथे तीन दिवस धुमश्चक्री चालली होती.

कुणी म्हणालं, गणपती हवा, शुभ असतं. कुणी म्हणालं, गणपती नको, पुस्तिका कचऱ्यात जाते. एकीला नथ हवी होती. एकीला पैठणीचा मोर. एक म्हणाली, काळा रंग अजिबात नको. लीड्सला माझी नणंद असते, तीही त्या ग्रुपवर आहे, ती हॉस्पिटलच्या शिफ्टमधून वेळ काढून म्हणाली की शिलाई मशीन नसेल तर लोकांना कळणार कसं. कुणीतरी युनियन जॅकही सुचवला. मतं दिली चौतीस जणींनी, आणि त्यातल्या एकीनेही त्या तीन चित्रांपैकी कुठलं आवडलं ते सांगितलं नाही.

आणि मी काय करावं? मी सगळं लिहून काढलं. गणपती आणि झेंडा तेवढा वगळला. बुधवारी सकाळी ती यादी घेऊन बाईंच्या दारात उभी राहिले. नथ, मोर, मशीन, सुई, गळ्याची रेघ, रंग मरून. "एवढासा बदल आहे," मी म्हटलं.

त्यांनी यादी वाचली. "हा पहिला बदल धरते," म्हणाल्या. दुपारी दोन वाजता त्यांनी मला सगळं काढून दिलं, यादीबरहुकूम, एकही वस्तू न गाळता. कागदावर ते इतकं सुबक होतं, की मी मनातल्या मनात ग्रुपला धन्यवाद दिले.

नवरा बुधवारी घरून काम करतो. त्याने फोटो काढला आणि त्या राखाडी चौकोनात बसवला. मग फोन माझ्यासमोर धरला. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत नथ, मोर, मशीन आणि सुई एकमेकांत शिरून बसली होती.

"हे झुरळ आहे का?" त्याने विचारलं.

"मोर आहे तो."

"पाय आहेत त्याला. सहा मोजले मी."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण झुरळच दिसत होतं, हे खरं. त्याला चुका शोधायची सवय आहे, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

त्याच दिवशी चार वाजता एक ताई ब्लाउज घेऊन आल्या. मागच्याच आठवड्यात नेलेला, पसंत करून. आता त्यांना गळा बदलून हवा होता. "माझी जाऊ म्हणाली मागून खोल कर," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली नको. आणि ऑफिसमधली मैत्रीण म्हणते बाही अर्धी कर. कर ना गं, एवढंसं तर आहे. पाच मिनिटांचं काम."

माझी तार सटकली. "ताई, ब्लाउज तुम्ही घालणार की जाऊबाई?" मी म्हटलं. "मी अस्तर उसवायचं, बाहीचा मुंढा परत बसवायचा, हुक काढून पुन्हा लावायचे आणि तुम्ही म्हणता पाच मिनिटं. तुम्हाला स्वतःला काय हवंय ते आधी ठरवा आणि मग या."

ताई बिचाऱ्या बघतच राहिल्या. आतल्या खोलीतून नवऱ्याच्या टाइप करण्याचा आवाज थांबला. आणि मला माझेच शब्द ऐकू आले. एवढंसं. पाच मिनिटं. यादी. मला इतकी लाज वाटली, की मी ताईंना बसवलं, चहा केला, माफी मागितली. त्यांनाही हायसं वाटलं असावं. गळा होता तसाच राहू दे म्हणाल्या आणि गेल्या.

गुरुवार उजाडला. वेबसाइटवर माझा फोटोही लावायचा होता, म्हणून सकाळीच साडी नेसले, वर मीच शिवलेला ब्लाउज. मागे नाडी आणि लटकन असलेला. नवरा ऑफिसला निघता निघता, एका हातात गाडीची किल्ली, कॉफीचा कप दाराजवळच्या कपाटावर ठेवून, नाडी बांधून गेला. पुण्यात हे काम आई करायची, नाहीतर बहीण. इथे आल्यावर माझ्या पाठीशी उभं राहून गाठ मारायला दुसरं कुणी नव्हतंच. पहिल्या वर्षी तो बुटाच्या लेससारखी बांधायचा. मग शिकला. अजूनही त्याची गाठ डावीकडे झुकते आणि सुटू नये म्हणून तो दोनदा ओढून बघतो.

बाईंकडे गेले ते थेट सांगून टाकलं. "माझं चुकलं. माझ्या गिऱ्हाइकांनी माझ्याशी असं केलं तर मी चिडते, आणि मी तुमच्याशी तेच केलं."

त्या मोठ्याने हसल्या. "तू हे कधी म्हणतेस याचीच वाट बघत होते," म्हणाल्या. "अजून एक बदल शिल्लक आहे तुझा. यादी तुझ्या मैत्रिणींची होती. तुला काय हवंय?"

आणि मला सांगताच येईना. दुसऱ्यांच्या मापाचं शिवायची इतकी सवय झालेली, की स्वतःचं माप कुणी विचारेल असं कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी चहा दिला. मी चहा संपवला. अकरा वाजून गेले. शेवटी म्हटलं, "तुम्ही काहीही द्या, चालेल."

"काहीही मी देत नाही," त्या म्हणाल्या.

रागावल्या नव्हत्या, पण हटणाऱ्याही नव्हत्या. मग मी त्यांना सगळंच सांगितलं. टेबल, पाचची मुदत, शुक्रवारचा फोन, खोकी, गुडघे. सांगताना डोळे भरून आले याचा मला भयंकर राग आला. मी उठले. म्हटलं, जाऊ दे, तुमचे पैसे मी देते, काम तर तुम्ही केलंच आहे. आणि दारामागे टांगलेला कोट घ्यायला वळले.

"थांब," त्या म्हणाल्या. "अशीच उभी राहा. वळू नकोस."

मी कोटाला हात लावून उभी राहिले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग ब्रश पाण्यात बुडवल्याचा.

"हा तू शिवलास?"

"हो."

"तुझ्या गिऱ्हाइकांचीही अशी गाठ असते?"

"बऱ्याच जणींची. ब्लाउज घालून बघतात तेव्हा मीच मागे उभी राहून बांधते. मग त्या आरशात बघतात." हे बोलताना मला जाणवलं, की सगळ्या कामात मला तोच क्षण आवडतो. बाई आरशात बघते आणि तिची मान आपोआप ताठ होते. तिला मी दिसत नाही, पण मला ती दिसते. हे मी बाईंना सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

"मग मघाशी का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या.

वळून बघितलं तर टेबलावर कागद होता. ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत मागच्या गळ्याचा बाक, खाली गाठ, गाठीतून लोंबणारी दोन लटकनं. बस. कुणीही बघावं आणि ओळखावं. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली. पाच मिनिटंही झाली नव्हती. बाईंनीही घड्याळाकडे बघितलं.

"गाठ जरा डावीकडे झुकलीय," मी म्हटलं. "सरळ कराल?"

"तुझी तशीच आहे. कुणी बांधली?"

"नवऱ्याने."

"मग तशीच राहू दे," त्या म्हणाल्या, आणि ब्रश धुवायला गेल्या.

मी कागदाचा फोटो नवऱ्याला पाठवला. त्याने लंच ब्रेकमध्ये बसून त्याची नीट फाइल बनवली आणि चौकोनात बसवली. नखाएवढ्या जागेतही गाठ स्वच्छ दिसत होती. मग त्याचा फोन आला. "बाकी ठीक आहे, पण गाठ डावीकडे झुकलीय. सरळ करू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं. कारण सांगितलं नाही.

पाचच्या आत सगळं आयोजकांना गेलं. रात्री जेवण गेलं नाही. शुक्रवारी सकाळी साडेनऊला मेल आला, की टेबल माझं. जीव भांड्यात पडला. साडेदहाला मी वेअरहाउसला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. सुपरवायझरबाई म्हणाल्या, बरं झालं, माझ्या मुलीचं लग्न आहे, तिच्या मैत्रिणींना साड्या नेसायच्या आहेत, तुझा नंबर तोच आहे ना.

मेळाव्याच्या आधी पाटीवाल्या बाई एक शर्ट शिवायला घेऊन आल्या. कापडासोबत जुना शर्ट पुढे करून गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "याच मापाचा." मी तो बाजूला ठेवला आणि टेप काढला. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता, शिडीवर उभं राहून एका हाताने पाट्या रंगवल्याचा परिणाम. मी तसं कापलं. घालून बघितला तेव्हा त्या कितीतरी वेळ आरशासमोरून हलल्या नाहीत. मी सांगितलेले पैसे त्यांनी दिले आणि किती वेळ लागला ते विचारलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी टेबलामागे आमचं बॅनर लागलं. मरून रंगाची गाठ, हातभर मोठी. सकाळपासून इतक्या बाया आल्या, की मला पाणी प्यायला सवड नव्हती. दुपारी नवरा कॉफी घेऊन आला आणि बॅनरसमोर उभा राहिला. मान तिरकी करून बघत होता. मी ओळखलं, आता हा बोलणार.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," तो म्हणाला. "झुकलेलीच राहिली. एवढं मोठं केल्यावर तर जास्तच दिसतंय. डिफेक्ट आहे हा."

"ती तुझी गाठ आहे," मी म्हटलं. "त्या गुरुवारी सकाळी तू बांधून गेलास ना, ती. बाईंनी माझ्या पाठीवरून काढली."

त्याने बॅनरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बॅनरकडे. लाजला की त्याचे कान लाल होतात, तसे झाले.

"डॉक्युमेंटमध्ये हे यायला हवं होतं," शेवटी म्हणाला.

सकाळपासूनच्या धावपळीत माझी नाडी सुटली होती. मी त्याच्याकडे पाठ केली. त्याने कॉफी टेबलावर ठेवली, गाठ बांधली आणि सुटू नये म्हणून दोनदा ओढून बघितली. कुठे झुकली ते मी आरशात बघितलं नाही. समोर पुढची बाई मापाचा ब्लाउज घेऊन उभी होती.